संदर्भांची मोजणी आणि संशोधनाचे मोल

विद्येच्या क्षेत्रात संदर्भ देणे म्हणजे पूर्वसूरींचे ऋण मान्य करणे होय. अलीकडे या ऋणाची मोजदाद होऊ लागली असून नव्या संशोधकाची नेमणूक व बढती तिच्यावर अवलंबून राहू लागली आहे. सोलापुरात २००४ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि संशोधनाची वाट या जिल्ह्यातील सामान्य घरांच्या जवळ आली. त्या वाटेने निघालेल्या आमच्या तरुणांनी हे आकडे न समजता त्यांना शरण जाणे घातक आहे. न समजता त्यांची निंदा करणेही तितकेच व्यर्थ आहे.

युजीन गारफील्ड यांनी १९६४ साली विज्ञानविषयक लेखांची संदर्भसूची प्रसिद्ध केली, ती एखाद्या लेखाचा पुढे कोणी उपयोग केला हे शोधता यावे म्हणून. तीतून पुढे 'इम्पॅक्ट फॅक्टर' निघाला. नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांना चालू वर्षी मिळालेले संदर्भ त्या लेखांच्या संख्येने भागले की तो मिळतो. तो नियतकालिकाचा गुण आहे, त्यातील एकेका लेखाचा नव्हे. २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी व्यक्तीसाठी 'एच-इंडेक्स' सुचविला. एखाद्याच्या पाच लेखांना अनुक्रमे १२, ७, ४, ३ व १ संदर्भ मिळाले, तर निदान तीन लेखांना प्रत्येकी तीन वा अधिक संदर्भ आहेत. म्हणून त्याचा अंक ३. उघडच ज्याचे तीनच लेख आहेत त्याचा अंक तीनच्या वर जाणे शक्य नाही. या मापात वयाचा हिशेब विद्वत्तेच्या नावाने जमा होतो.

तरीही आकड्याच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ज्याला जात, घराणे वा गुरूचा वशिला पाठीशी नाही, त्याला निवडसमितीच्या मर्जीपेक्षा आकडा बरा वाटतो आणि ते स्वाभाविक आहे. प्रश्न इतकाच की, हा आकडा खरोखर निःपक्षपाती आहे काय?

सोलापूरचेच उदाहरण घेऊ. येथील जीवराज जैन ग्रंथमालेत १९४३ साली आ. ने. उपाध्ये व हीरालाल जैन यांनी संपादिलेल्या 'तिलोयपण्णत्ति' या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग निघाला. दुसरा १९५१ साली. त्यातील गणितावर लक्ष्मीचंद्र जैन यांचा विस्तृत अभ्यास त्याच मालेतून १९५८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे फळ दिसू लागण्यास पंधरा वर्षे लागली. दोन वर्षांच्या खिडकीतून पाहणाऱ्याला ते दिसलेच नसते. पालीचीही तीच कथा आहे. भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदाहून निघालेल्या देवनागरी त्रिपिटकाच्या ४१ खंडांवर कित्येकांचे अध्ययन उभे आहे, परंतु संदर्भ देताना सुत्ताचे नाव येते, संपादकाचे क्वचितच. शिवाय मराठी नियतकालिके बहुतांशी 'स्कोपस'सारख्या सूच्यांच्या बाहेरच आहेत. तेथे मिळालेला शून्य हा त्या लेखाचा दोष नसून सूचीच्या मर्यादेचा पुरावा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी शोधनिबंधांस इम्पॅक्ट फॅक्टरनुसार वाढीव गुण दिले. पैसे घेऊन लेख छापणाऱ्या बनावट नियतकालिकांना आळा घालण्यासाठी २०१९ साली 'केअर' यादी आली. तीही बंद केल्याचे २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर व संशोधकांवर आली. पारख करावी कशी, हा प्रश्न त्यामुळे अधिकच निकडीचा झाला आहे.

महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेस येथे आम्हांस मार्गदर्शक वाटतात. एखादे वचन प्रत्यक्ष बुद्धमुखातून ऐकले असे कोणी म्हणो, संघाकडून म्हणो, अनेक थेरांकडून म्हणो वा एका थेराकडून. त्याचे लगेच अभिनंदनही करू नये आणि धिक्कारही करू नये. सुत्त व विनयाशी ते ताडून पाहावे. सांगणारे किती आहेत, याने तेथे निर्णय होत नाही. संदर्भांची संख्या म्हणजे अशाच सांगणाऱ्यांची संख्या होय.

बाबासाहेबांचा 'द बुद्धा अँड हिज धम्म' १९५७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात मूळ ग्रंथांचे स्थलनिर्देश नव्हते. भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना ते परिश्रमपूर्वक शोधून काढले. या कामाने त्यांचा कोणताही अंक वाढला नाही, पण वाचकाला मुळापर्यंत जाण्याची वाट मिळाली. संदर्भाचे खरे प्रयोजन हेच आहे.

म्हणून नव्या संशोधकांना आमचे सांगणे असे : आपला अंक ठाऊक असू द्या, तो कोणत्या सूचीतून काढला हेही सांगा, आणि त्याची तुलना आपल्याच विषयातील समवयस्कांशी करा, रसायनशास्त्रज्ञाशी नव्हे. अंक वाढविण्यासाठी परस्परांचे संदर्भ देण्याचे सौदे करू नका. अदिन्नादानापासून दूर राहण्याचे शील लेखणीलाही लागू आहे. आणि निवडसमितीत बसणाऱ्यांना एवढेच विचारतो : उमेदवाराचा आकडा पाहिलात, त्याचा एक तरी लेख वाचलात काय?