‘एकच प्याला’तील मूल

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील दारू, सुधाकर, सिंधू आणि तळीराम यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो त्यातील मुलाचा.

दारूने संसार मोडला आणि संशयाने आंधळ्या झालेल्या बापाच्या हातून पोटचे मूल मेले. सिंधूही त्याच माराने मरणपंथास लागते. परंतु नवऱ्याला वाचविण्यासाठी ती पोलिसांपुढे असत्य सांगते आणि नाटकाचा सारा करुणरस तिच्या पातिव्रत्याकडे वळतो. प्रेक्षक सिंधूसाठी रडतात, शेवटी विष घेणाऱ्या सुधाकरासाठीही हळहळतात. मुलासाठी वेगळे रडावयास अवसरच उरत नाही. सिंधूने आपल्यावरील घावाची क्षमा करावी, तो तिचा अधिकार. पण मुलाच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार तिला कोणी दिला? गडकऱ्यांच्या प्रतिभेविषयी आम्हांस नितांत आदर आहे. तथापि हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही.

युरिपिडीस या ग्रीक नाटककाराला तो पडला होता. त्याच्या ‘मीडिया’त (इ. स. पू. ४३१) नवऱ्याने टाकलेली स्त्री सूडापोटी आपली दोन्ही मुले मारते. बंद दारामागून मुलांचा आक्रोश ऐकू येतो. बाहेरच्या स्त्रिया आत शिरावे की काय म्हणून घुटमळतात, आणि शिरत नाहीत. दिल्लीच्या सरकारी वसाहतींत राहणाऱ्या आमच्या वाचकांस ही घुटमळ अनोळखी नसावी. भिंत एकच असते. पण मामला ‘त्यांच्या घरचा’ असतो.

आमची भाषाही मुलाला वेगळे मोजीत नाही. ‘पोरांना घेऊन विहीर जवळ केली’ असे आपण सहज म्हणतो. वर्तमानपत्रे ‘मुलांसह आत्महत्या’ असे छापतात. तान्हे मूल आत्महत्या कशी करील? न्यायालयांना मात्र या शब्दावर भागविता येत नाही. १९२५ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे अशाच एका मुलीचा खटला आला. वय सुमारे सतरा. नवरा छळी आणि माहेरी जाऊ देईना. पाठीवरच्या तान्ह्यासह तिने विहिरीत उडी घेतली. ती वाचली, मूल गेले. मुलाला मारण्याचा तिचा हेतू नव्हता, असे मानून न्यायालयाने तिला हयगयीने मृत्यूस कारण झाल्याबद्दल, म्हणजे कलम ३०४-अ खाली, दोषी ठरविले. निर्णय सौम्य होता. परंतु मुलाच्या मृत्यूची नोंद आईच्या दुःखात विरघळू दिली गेली नाही.

‘एकच प्याला’चा प्रयोग पुन्हा कोणी बसविणार असेल, तर दिग्दर्शकाला आमची एक विनंती आहे. सिंधूच्या त्या जबानीपूर्वी रंगमंचावर थोडी शांतता ठेवावी आणि प्रेक्षकांना त्या मुलाकडे पाहू द्यावे. गडकऱ्यांचा एकही शब्द त्यासाठी बदलावा लागणार नाही.