पेशीचा अटकाव आणि माणसाचा आवर

आजचा विषय नावाने जड आहे, पण तो आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या घराघरात शिरलेला आहे. मेंदूला चुंबकाने डिवचायचं, ईईजीने त्याच्या लहरी टिपायच्या आणि मेंदूतला ‘निरोध’ मोजायचा, असं संशोधन जगभर चालू आहे. आम्ही तत्त्वज्ञानवाले. यंत्राचं माप घेणं आमचं काम नाही. त्या मापाला दिलेलं नाव तपासणं मात्र आमचंच काम.

आधी प्रयोग समजून घेऊ. १९८५ साली इंग्लंडातल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेचं वेटोळं धरून चुंबकीय स्पंद सोडला. कवटी न उघडता मेंदूत वीज खेळली आणि हाताचा स्नायू उडाला. १९९३ मध्ये कुजिराई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची गंमत दाखवली. मुख्य स्पंदाच्या काही मिलिसेकंद आधी एक हलका स्पंद दिला, तर स्नायूचा झटका लहान होतो. म्हणजे काय, तर हलक्या स्पंदाने अटकाव करणाऱ्या पेशी आधी जाग्या होतात. या पेशी ‘गाबा’ नावाच्या रसायनाने शेजारणीला गप्प करतात.

पण स्नायू फक्त हालचालीच्या भागाची बातमी देतो. कपाळामागच्या भागाचं काय? म्हणून ईईजी जोडला. स्पंदानंतर सुमारे १०० मिलिसेकंदांनी एक ऋण लहर येते, तिला ‘एन१००’ म्हणतात. बॅक्लोफेन हे गाबाच्या एका प्रकारच्या ग्राहकांवर काम करणारं औषध दिलं की ती वाढते, असं २०१४ मध्ये दिसलं. म्हणून ती अटकावाची खूण मानतात.

इथे पहिली शंका. स्पंद सुटताना वेटोळं ‘टक्’ असा आवाज करतं आणि टाळूलाही टोचणी जाणवते. नुसत्या आवाजानेही मेंदूत १०० मिलिसेकंदांच्या आसपास लहर उठतेच. २०१९ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी खोटा स्पंद देऊन, फक्त आवाज आणि टोचणी ठेवून पाहिलं, तर बरीचशी तशीच लहर मिळाली. इतरांनी उत्तर दिलं, की नीट काळजी घेतली तर हे टाळता येतं. वाद प्रामाणिक आहे, आणि तो शास्त्रज्ञच सोडवतील.

दुसरी शंका मात्र आपली आहे. ‘निरोध’ हा शब्द पेशीसाठी वापरला आणि तोच उचलून माणसाला लावला. पेशीचा अटकाव कमी म्हणजे माणसाला आवर नाही, असं सहज बोललं जातं. हे खरं आहे का? दारूचं उदाहरण घ्या. दारू गाबाचा परिणाम वाढवते. १९९५ मध्ये जर्मनीत झिमान आणि सहकाऱ्यांनी माणसांना दारू देऊन याच चुंबकाने मोजलं. हालचालीच्या भागातला अटकाव वाढलेला निघाला. आणि माणूस? त्याची जीभ सुटते, हात उठतो. पेशीचा अटकाव वाढला आणि माणसाचा आवर सुटला! एक भाग गप्प झाला की त्याने दाबून धरलेला दुसरा मोकळा होत असेल. कारण काहीही असो, दोन गोष्टी एक असत्या तर त्या उलट दिशांना गेल्या नसत्या.

आता आपल्या जिल्ह्यांत या. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरच्या बंदीसाठी डिसेंबर २०१० मध्ये बाया चिमूरहून नागपूरला विधिमंडळावर पायी गेल्या. बंदी १ एप्रिल २०१५ ला लागली आणि २०२१ मध्ये उठली. या सगळ्या काळात दोन वाक्यं आम्ही ऐकत आलो. एक बाजू म्हणते, ‘पिणं ज्याचं त्याचं, आवर ज्याने त्याने घालावा.’ दुसरी म्हणते, ‘पिणाऱ्याच्या मेंदूचा ब्रेकच गेला, तो काय करणार?’ भांडण कडाक्याचं. पण दोघांनीही आवर कवटीच्या आत कोंडला आहे. पायी निघालेल्या बायांना वेगळंच म्हणायचं होतं. आवर दोन माणसांच्या मध्येही असतो. तो ठरवावा लागतो, पाळावा लागतो, मोडला तर जाब विचारावा लागतो. कोणत्याही इलेक्ट्रोडखाली तो सापडायचा नाही.

याचा अर्थ पेशीला विसरा असा नव्हे. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचा मेंदू दारूशी जुळवून घेतो, गाबाचा अटकाव दुबळा पडतो. अशा माणसाची दारू एकदम तुटली की हात थरथरतात, फिट येते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. तिथे उपदेश कामाचा नाही, गावाचा ठरावही नाही. तिथे डॉक्टर पाहिजे. बंदी मागणाऱ्या गावाने हे आधी लक्षात ठेवावं, म्हणजे दुकान बंद झालं त्याच दिवशी उपचाराचीही सोय असेल.

म्हणून आमचं म्हणणं इतकंच. फिट आलेल्याला ‘तुझा निर्धार कमी’ म्हणू नका. बायकोवर हात उचलणाऱ्याला ‘त्याचा गाबा कमी’ म्हणून सोडू नका. पहिल्याला औषध द्या, दुसऱ्याला जाब विचारा. आणि दोन्ही एकच माणूस असेल, तर दोन्ही करा.