सर जॉन टेंपल याचा ग्रंथ व १६४१ च्या आयरिश जबान्या

बखरकारानें मूळ कागद पाहिला होता एवढ्यावरून बखर विश्वसनीय ठरत नाहीं, ही गोष्ट आमच्या वाचकांस नवी नाहीं. आयर्लंडांतील एका प्रकरणीं मूळ कागद व त्यांवरून रचिलेला ग्रंथ हीं दोन्हीं शिल्लक असून ताडून पाहतां येतात. म्हणून तें येथें घेतों.

१६०९ पासून अल्स्टर प्रांतांत इंग्रज व स्कॉच प्रॉटेस्टंटांची वसाहत झाली व मूळच्या कॅथलिकांच्या जमिनी गेल्या. ऑक्टोबर १६४१ (शके १५६३) त कॅथलिकांनीं उठाव केला. नागवले गेलेले वसाहतवाले डब्लिनास पळून आले. डिसेंबरांत हेन्री जोन्स याच्या प्रमुखत्वाखालीं आठ धर्मोपदेशक नेमून त्यांच्या जबान्या शपथेवर घेण्यास आरंभ झाला. पहिल्या आज्ञापत्रांत मुख्य चौकशी नुकसानीची होती. खुनांची चौकशी जानेवारी १६४२ त जोडली गेली. म्हणून पुष्कळ जबान्यांत गुरें, धान्य, येणें कर्ज यांची याद आधीं येते, मग अंगावरचीं वस्त्रें काढून घेऊन थंडींत हांकून दिल्याची हकीकत, आणि शेवटीं शेजारच्या गांवीं काय झालें म्हणून ऐकिलें तें. पाहिलेलें आणि ऐकिलेलें हें लेखकूनें बहुधा वेगळें लिहिलें आहे.

टेंपलनें १६४६ त लंडनास छापलेल्या ग्रंथांत हाच भेद पुसून टाकिला. जबान्यांचे उतारे तो खरे देतो, परंतु निवडून देतो. याद गळते, क्रौर्य राहतें. त्याचा तीन लक्षांचा आंकडा तर प्रसिद्धच आहे. त्याच्या वाक्यांत मारलेले, अन्य रीतीनें नाश पावलेले व घरांतून हांकलून दिलेले असे तिघेही एकत्र मोजिले आहेत. मागून वाचणारांनीं ते सर्व मारलेलेच धरले. त्या काळीं सबंध आयर्लंडांत तितके प्रॉटेस्टंट नव्हते! आजचे अभ्यासक पहिल्या हिंवाळ्यांत मारले गेलेल्यांची संख्या सुमारे चार हजार धरतात. थंडीनें व उपासमारीनें मेलेले त्याहून निराळे.

उलट पक्षाची चूकही लहान नाहीं. अस्सल जबान्यांत अनेक ओळींवर काट मारलेली आहे. तेवढ्यावरून, साक्षीदारांनीं हा मजकूर नाकारला, सबब सारें दप्तर बनावट, असें आक्षेपक म्हणूं लागले. एडन क्लार्क यांनीं १९८६ त दाखविलें कीं, ही काट बहुतांशीं थॉमस वेअरिंग या लेखकूची आहे. त्यास नकलेंत हकीकत हवी होती, नुकसानीची याद नको होती; म्हणून त्यानें गाळावयाचा भाग छेदिला. हस्तलिखितें हाताळणारांस हें कारण सहज पटावें. काट पाहिली कीं संशय घेण्यापूर्वीं काट कोणाची व कशासाठीं, हें विचारलें पाहिजे.

पोर्टाडाउन येथें नोव्हेंबर १६४१ त सुमारें शंभर माणसें पुलावरून बॅन नदींत लोटून बुडविलीं, हें अनेक जबान्यांच्या मेळानें सिद्ध आहे. तेथें पांच मुलें गमावलेली एलिझाबेथ प्राइस ही विधवा मुलें बुडाल्याचें सांगते, आणि पुढें नदींत उभी राहून सूड मागणारी एक स्त्रीची आकृति आपण पाहिल्याचेंही सांगते. टेंपलास दोन्हीं सारखींच ग्राह्य. आक्षेपकांस दोन्हीं सारखींच त्याज्य. आमच्या मतें मुलें बुडालीं हा पुरावा आहे आणि आकृति हा त्या बाईच्या दुःखाचा पुरावा आहे.

हा वाद केवळ पंडितांचा राहिला नाहीं. १६४९ त ड्रोएडा येथें क्रॉमवेलनें कत्तल करून ती निरपराध्यांच्या रक्ताचा बदला म्हणून सांगितली. वास्तविक १६४१-४२ त त्याच गांवानें बंडवाल्यांचा वेढा सोसून दाद दिली नव्हती. १६४१ त कॅथलिकांकडे शेंकडा ५९ जमीन होती, ती १६८८ त शेंकडा २२ वर आली. टेंपलचा ग्रंथ मात्र पुनःपुन्हां छापला जात राहिला.

मूळ कागद बिशप स्टर्न यानें १७४१ त डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजास दिले. सुमारें आठ हजार जबान्या एकतीस खंडांत आहेत. २०१० पासून त्यांच्या प्रतिमा व वाचन, काट मारलेल्या ओळींसह, कोणासही पाहतां येतात. याच दप्तरांत १६५० नंतरच्या तपासण्याही आहेत. त्यांत कॅथलिकही बोलतात, अर्थात् आरोपीच्या पिंजऱ्यांतून. टेंपलच्या ग्रंथांत त्यांचा शब्द येणें शक्यच नव्हतें, कारण तो त्यांच्या आधींच छापून झाला होता.