दानयात्रेतील पात्र : युरोप-आफ्रिका हौशी मोटारफेऱ्यांचे एक परीक्षण

युरोपातून आफ्रिकेत जाणाऱ्या हौशी धर्मार्थ मोटारफेऱ्या हा गेल्या पाव शतकात रूढ झालेला एक सांस्कृतिक प्रकार आहे. क्रीडा, प्रवास आणि दान हे तीन हेतू त्यात एकत्र आलेले असल्यामुळे कोणी त्याला श्रीमंतांची हौस म्हणून हसण्यावारी नेतो, तर कोणी परोपकार म्हणून त्याची भलामण करतो. दोन्ही मते एकांगी होत. प्रस्थान, संकटपरंपरा आणि समर्पण अशी या फेऱ्यांची रचना मूलतः कथानकाची आहे. तेव्हा कथानक म्हणूनच त्यांची परीक्षा होणे इष्ट ठरते.

या प्रकाराचे मूळ पॅरिस-डकार शर्यतीच्या विडंबनात आहे. १९७७ साली वाळवंटात वाट चुकून मरणाच्या दारातून परतलेल्या तिएरी साबीन या फ्रेंच मोटारसायकलस्वाराने ही शर्यत योजिली. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून १८२ वाहने निघाली. त्यांपैकी ७४ डकारला पोहोचली. पुढे मोठे कारखानदार आणि जाहिरातदार तिच्यात उतरले. डिसेंबर २००७ मध्ये मॉरिटानियात चार फ्रेंच प्रवाशांची हत्या झाल्यावर २००८ ची शर्यत रद्द झाली. २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत व २०२० पासून सौदी अरेबियात भरू लागली. नाव मात्र ‘डकार’ हेच राहिले. रंगभूमी बदलूनही नाटक तेच राहिले, याचा अर्थ आफ्रिका त्या नाटकात पडद्यावरील देखाव्यापलीकडे कधी गेलीच नव्हती.

या भपक्याची थट्टा म्हणून इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील ज्यूलियन नॉविल यांनी प्लिमथ-बांजूल फेरी सुरू केली. पहिली तुकडी २००२-०३ च्या हिवाळ्यात गेली. मोटार शंभर पौंडांच्या आत मिळवावी, दुरुस्तीवर नाममात्र खर्च करावा, वाटेत साहाय्याची अपेक्षा धरू नये, हे तिचे दंडक. फ्रान्स, स्पेन, मोरोक्को, पश्चिम सहारा, मॉरिटानिया व सेनेगल ओलांडून गांबियात पोहोचलेली मोटार तेथेच लिलावात निघावी आणि आलेली रक्कम स्थानिक धर्मादाय कार्याला मिळावी, ही तिची फलश्रुती. डकार शर्यतीत मोटारीचे मोल जिंकण्यात होते. येथे ते सोडून देण्यात आहे. विडंबनाने मूळ कृतीवर केलेले हे भाष्य मार्मिक आहे, यात शंका नाही.

प्रश्न उरतो तो दान घेणाऱ्याचा. मराठीत ‘पात्र’ या शब्दाचे दोन अर्थ येथे प्रस्तुत आहेत : दान घेण्यास योग्य व्यक्ती आणि कथा-नाटकांतील व्यक्ती. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काल व पात्र यांचा विचार सांगितला आहे. या फेऱ्यांत देश आहे, काल आहे, दानपात्रही आहे. परंतु त्यांच्या वृत्तांतांत त्या दानपात्राला कथेतील पात्राचा दर्जा क्वचितच लाभतो. भंगारातून मोटार शोधण्यात, सीमेवरच्या खोळंब्यात, वाळूत रुतलेली चाके काढण्यात सारी पृष्ठे खर्ची पडतात; गांबियाचा माणूस शेवटच्या परिच्छेदात येतो, तोही कृतज्ञ चेहरा होऊन. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने परस्परांत गुंतलेली असतात असे दाखविले. परतफेडीची वाटच न ठेवणारे दान घेणाऱ्याला कथेबाहेर ठेवते, हा त्यातून निघणारा इशारा येथे लागू पडतो.

फ्रान्समधील विद्यार्थ्यांच्या ‘फोर-एल ट्रॉफी’ या फेरीशी तुलना केल्यास हा मुद्दा विशद होतो. १९९८ पासून चालू झालेल्या या फेरीत तरुण जोड्या जुन्या रेनो-४ मोटारींतून मोरोक्कोतील मुलांसाठी शालेय साहित्य नेतात. तेथे वस्तू मागे राहते आणि मोटार घरी परतते. बांजूलच्या फेरीत मोटार मागे राहते आणि माणूस परततो. पहिल्या प्रकारात काय द्यावे हे देणाराच ठरवितो. दुसऱ्यात मात्र घेणाऱ्याच्या देशाचा कायदा आरंभापासूनच कथानकात शिरतो. गांबिया १९६५ साली स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी, तीन बाजूंनी वेढणाऱ्या सेनेगलशी मेळ राखण्यासाठी, तेथील वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने सुरू झाली. त्यामुळे इंग्लंडातील सर्वसाधारण मोटार तेथे निरुपयोगी. स्पर्धकाला डावीकडे चक्र असलेली मोटार मुद्दाम शोधावी लागते. जुन्या सत्ताधारी देशाच्या नागरिकाला जुन्या वसाहतीच्या नियमाप्रमाणे दान बेतावे लागते, ही गोष्ट लहान असली तरी अर्थपूर्ण आहे.

लिलावाचे महत्त्वही येथेच आहे. लिलावात उभा असलेला गिऱ्हाईक याचक नसतो. तो यंत्र उघडून पाहतो, दोष काढतो, बोली लावतो किंवा पाठ फिरवितो. चार हजार मैलांचा पराक्रम त्याच्या लेखी केवळ झीज असते. दात्याच्या कथेवरील सर्वांत निर्भीड टीका तोच करतो, आणि त्या क्षणापुरते दानपात्र हे खऱ्या अर्थाने पात्र बनते. वृत्तांतकारांनी उपसंहार म्हणून उरकलेला हा प्रसंग वस्तुतः कथेचा मध्यबिंदू आहे.

तात्पर्य, हौसेची भेसळ असल्याने ही दाने हीन ठरत नाहीत. निर्भेळ हेतूचे दान कोठेही दुर्मिळच. त्यांची खरी उणीव कथनाची आहे. मोटार विकली गेल्यानंतर ती कोणाच्या हाती, कोणत्या रस्त्यावर, किती वर्षे चालली, हे सांगणारा वृत्तांत जेव्हा बांजूलकराच्या लेखणीतून उतरेल, तेव्हाच ही कथा पूर्ण झाली असे म्हणता येईल.