सागरविज्ञानाची मराठी परिभाषा : एक चिकित्सा

धुळे शहरातून वाहणारी पांझरा तापीस मिळते आणि तापीचे पाणी सुरतेखाली अरबी समुद्रात जाते. तथापि धुळ्याच्या विद्यार्थ्यास समुद्राची पहिली ओळख होते ती पाठ्यपुस्तकातील शब्दांनी. ज्याने समुद्र पाहिलेला नाही त्याच्या विचारास ही परिभाषा आधार देते की चकवा देते, हा भौतिक सागरविज्ञानाच्या अध्यापनातील मूलभूत प्रश्न होय.

काही संज्ञा या कसोटीस पूर्णपणे उतरतात. ‘उधाण’ व ‘भांग’ हे किनाऱ्यावरील बोलण्यातले शब्द पाठ्यपुस्तकांनी जसेच्या तसे स्वीकारले. अमावास्येस व पौर्णिमेस चंद्र-सूर्यांचे आकर्षण एका रेषेत येऊन उधाण होते. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात येऊन भांग होतो. तिथी ठाऊक असलेल्या विद्यार्थ्यास त्यामागील कारण सहज उमगते.

‘लाट’ व ‘तरंग’ यांच्या बाबतीत मात्र दुफळी दिसते. भूगोलात समुद्रावर लाटा उठतात. पदार्थविज्ञानात तरंग प्रवास करतात. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या तरंगलांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो, तर उथळ पाण्यात तो खोलीवर अवलंबून राहतो. लाट हा तरंगाचाच एक प्रकार आहे हे प्रारंभीच सांगितले नाही, तर हा नियम विद्यार्थ्यास परका वाटतो आणि सागराचे पदार्थविज्ञान केवळ वर्णनात्मक भूगोल होऊन बसते.

सर्वांत गंभीर दोष ‘क्षारता’ या संज्ञेत आहे. एक किलोग्रॅम सागरजलात सरासरी सुमारे ३५ ग्रॅम लवणे विरघळलेली असतात. हे प्रमाण आणि तापमान यांवर मुख्यतः पाण्याची घनता, व घनतेवर खोल सागरातील अभिसरण अवलंबून असते. शालेय भूगोल या प्रमाणास ‘क्षारता’ म्हणतो. परंतु सागरजलाची आम्ल पचविण्याची शक्ती ही एक निराळीच राशी आहे. समुद्र कार्बन डायऑक्साइड किती शोषील याच्या गणितात ती अपरिहार्य ठरते. आयुर्वेदातील ‘यवक्षार’ लक्षात घेता ‘क्षार’ शब्दाचा परंपरागत अर्थ या दुसऱ्या राशीकडे झुकतो. एकच शब्द दोहोंकडे ओढला जातो. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधनापर्यंत पोहोचू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास इंग्रजी ग्रंथांत या दोन्ही राशी स्वतंत्रपणे भेटतात; त्याच्या मराठी टिपणांत मात्र त्या एकरूप झालेल्या असतात.

‘क्षारता’ हा शब्द रूढ आहे, हा आक्षेप रास्त आहे. शालेय पातळीवर तो राहण्यास हरकत नसावी. पदव्युत्तर अध्यापनात मात्र लवणांच्या प्रमाणास ‘लवणता’ व आम्ल पचविण्याच्या शक्तीस ‘अल्कता’ म्हणणे इष्ट होय. हा भेद मराठीस अपरिचित आहे असेही नाही. विद्राव्य लवणांनी बिघडलेल्या जमिनीस शेतकरी ‘खारवट’ म्हणतो आणि सोडियमच्या आधिक्याने अल्कधर्मी बनून घट्ट झालेल्या जमिनीस ‘चोपण’ म्हणतो. शेताच्या बांधावर जो विवेक पाळला जातो, तो विद्यापीठाच्या परिभाषेने गमावू नये.