न पाहिलेल्या वृक्षारोपणाचा अहवाल

बारावीच्या इंग्रजी परीक्षेत अहवाललेखन असते. शाळेत वृक्षारोपण झाले असे समजून विद्यार्थी मथळा, स्थळ, तारीख घालतो. ‘झाडे लावण्यात आली’ असे लिहितो. झाडांची संख्या मनानेच ठरवतो. मांडणी व भाषा बरोबर असली की गुण मिळतात.

मांडणी शिकवावीच, पण अहवालाचा प्राण निरीक्षणात असतो. १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेच्या चौकशी अहवालात रिचर्ड फाइनमन यांनी नोंदवले, की यान गमावण्याची शक्यता अभियंते १०० त १ च्या आसपास सांगतात, तर व्यवस्थापन १,००,००० त १. कोण काय म्हणतो हे लिहिल्यामुळेच तफावत उघड झाली. ‘लावण्यात आली’मध्ये मात्र लावणारा हरवतो आणि मोजणाराही.

तेव्हा आधी मुलांना शाळेच्या आवारातली झाडे मोजू द्या. अहवाल मग इंग्रजीत लिहून घ्या.