किंमत आणि माहिती : एक आक्षेप

बाजारातील किंमत ही ज्ञान वाहून नेणारी यंत्रणा आहे, असे प्रतिपादन फ्रीड्रिख हायेक यांनी १९४५ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मधील निबंधात केले. त्यांचे कथिलाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. कथिल महागले की वापरणारा ते जपून वापरतो. ते मागणी वाढल्याने महागले की पुरवठा आटल्याने, हे त्याने जाणण्याची गरज नसते. वालरा यांच्या १८७४ च्या समतोल-सिद्धान्तात किंमत हे समीकरणांचे उत्तर होते. हायेक यांनी तिच्याकडे निरोप्याचे काम सोपविले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद होय.

परंतु कारण न जाणताही भागते, हे विधान कोठवर खरे? पालघर तालुक्यातील एडवणसारख्या किनाऱ्यावरील गावाचा विचार करावा. पापलेट महागले की गिऱ्हाईक बोंबलाकडे वळते. येथे हायेक यांचे म्हणणे यथार्थ ठरते. तीच किंमत नाखव्याला मात्र अधिक पापलेट धरावयास सांगते. टंचाई वादळी हवेमुळे असेल तर हे योग्यच. पण समुद्रातील साठाच घटत असेल, तर त्याच वागणुकीने टंचाई वाढते. कारणे दोन, निरोप एकच.

यावर असे म्हणता येईल की, मोठ्या पापलेटाला वजनामागे भाव अधिक मिळतो. म्हणजे पिल्लू वाढू द्यावे, हेही किंमतच सांगते. हे खरे आहे. तथापि आज सोडलेले पिल्लू उद्या आपल्याच जाळ्यात येईल, याची शाश्वती कोणास? निरोप पोचतो, उमगतो. पाळता मात्र येत नाही. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्ये मासेमारीच्या विवेचनात हेच मर्म दाखविले. त्याच वर्षी अॅरो व डेब्रू यांनी समतोलाचे अस्तित्व सिद्ध केले. पण त्यांच्या सिद्धान्तात प्रत्येक वस्तूला धनी आहे. पोहणाऱ्या माशाला तो नाही.

तेव्हा उणीव माहितीची नसून स्वामित्वाची आहे, आणि ती नियमानेच भरून काढावी लागते. पावसाळ्यातील मासेमारीबंदी हा असा नियम होय. २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा घोषित करण्यामागेही संवर्धनाचाच हेतू होता. मात्र मासा केव्हा विणीला येतो, पिल्ले कोठे वाढतात, हे ज्ञान किनाऱ्यावरील कोळी-मांगेल्यांत विखुरलेले आहे. ते न विचारता केलेला नियम हायेक यांच्याच मूळ आक्षेपास पात्र ठरेल.